कोल्हापूरच्या तलावांवर गळ टाकायचाय? आधी पाण्यातले मासे ओळखा

गळानं मासे धरायला शिकायचं म्हटलं की नवखा माणूस पहिल्यांदा काठीची चौकशी करतो. कुठली घेऊ, किती फुटी, रीळ लागतं का. हे प्रश्न बरोबर आहेत, पण ते थोडे नंतरचे. आधी विचारायचं ते असं: ज्या पाण्यावर आपण बसणार, त्यात कुठले मासे आहेत आणि ते तिथं आले कुठून? याचं उत्तर ज्याला ठाऊक, त्याला साध्या मेसकाठीवरही मासा लागतो. ज्याला ठाऊक नाही, तो महागडी काठी घेऊन दिवसभर ऊन खातो. म्हणून या लेखात माशांवर जास्त लिहिलंय, सामानावर कमी.

कोल्हापूर जिल्ह्यात पाण्याला तोटा नाही. शहरात रंकाळा आणि कोटीतीर्थ, विद्यापीठाजवळ राजाराम तलाव, शहराला लागून कळंबा. पश्चिमेला सरकलं की राधानगरी, तुळशी, कुंभी, कासारी, काळम्मावाडी, पाटगाव ही धरणं. शिवाय गावोगावचे पाझर तलाव. पण हे सगळं पाणी एकसारखं नाही, आणि सगळीकडं गळ टाकायला परवानगीही नाही. तेव्हा सुरुवात तिथूनच करू.

पहिली पायरी: पाणी कुणाचं, ते विचारा

तलाव उघड्यावर असला म्हणजे तो बेवारस असतो असं नाही. बहुतेक जलाशयांत मासेमारीचा ठेका असतो आणि तो साधारणपणे स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडं असतो. संस्था ठेक्याची रक्कम भरते, मत्स्यबीज विकत घेऊन सोडते, राखण करते. आपण ज्या कटल्यासाठी गळ टाकतो, तो त्यांच्या पैशानं वाढलेला असतो. छोटे गावतलाव ग्रामपंचायतीकडं, शहरातले महापालिकेकडं, धरणं पाटबंधारे खात्याकडं, आणि मासेमारीचा कारभार मत्स्यव्यवसाय विभागाकडं. विभागाचं जिल्हा कार्यालय कोल्हापुरात आहे. कुठल्या तलावाचा ठेका कुणाकडं, हे तिथं समजतं.

व्यवहारात सोपा रस्ता असा: ज्या तलावावर बसायचंय तिथं पहाटे जा. जाळी काढणारी माणसं भेटतील. रामराम करा आणि सरळ विचारा, "मामा, गळ टाकला तर चालेल का? संस्थेला काय द्यायचं?" कुठं थोडे पैसे घेऊन पावती देतात, कुठं फक्त चिलापी (तिलापिया) धरा म्हणतात, कुठं नाही म्हणतात. नाही म्हटलं तर नाही. वाद घालून बसलेल्या माणसाला त्या काठावर पुन्हा कुणी काही सांगत नाही, आणि तलावाची खरी माहिती याच माणसांकडं असते.

दोन ठिकाणी मात्र विचारत बसण्याचाही प्रश्न नाही. राधानगरी आणि काळम्मावाडी या दोन्ही धरणांचा फुगवटा अभयारण्याला भिडलेला आहे. दाजीपूरचं गव्यांचं जंगल ते हेच. अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय मासा धरणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली, म्हणजे 1972 च्या कायद्याखाली, गुन्हा आहे. चांदोलीकडंही तेच. शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं राधानगरी धरण आणि त्याचे आपोआप उघडणारे सात दरवाजे बघायला जरूर जा, पण काठी घरी ठेवून.

रंकाळ्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. सांजवेळी फिरायला, संध्यामठ बघायला, भेळ खायला रंकाळ्यासारखी जागा नाही. पण त्या पाण्यात वर्षानुवर्षं सांडपाणी मिसळलंय, उन्हाळ्यात पाणी हिरवंगार होतं, मासे मरून काठाला लागल्याच्या बातम्याही आपण सगळ्यांनी वाचल्यात. तिथला मासा खाऊ नये. शिकण्यासाठी गावाकडचा स्वच्छ पाझर तलाव शतपटीनं चांगला.

दुसरी पायरी: सोडलेले मासे आणि मूळचे मासे

आपल्या तलावातले मासे ढोबळमानानं तीन घरचे: दरवर्षी आणून सोडलेले, बाहेरून येऊन इथं आपोआप वाढणारे, आणि मूळचे इथले.

सोडलेल्यांत मुख्य तिघे म्हणजे रोहू, कटला, मृगळ. हे गंगेच्या खोऱ्यातले मासे. त्यांना अंडी घालायला पावसाळी पुराचं वाहतं पाणी लागतं. साचलेल्या तलावात ते जगतात, वाढतात, पण त्यांची पिढी पुढं जात नाही. म्हणून पूर्वी नदीतून बीज गोळा करून आणावं लागे. 10 जुलै 1957 ला ओडिशात हिरालाल चौधरी यांनी माशाच्याच मस्तिष्क ग्रंथीचा अर्क टोचून या माशांचं बंदिस्त पाण्यात प्रजनन करून दाखवलं. तेव्हापासून बीज केंद्रात तयार होऊ लागलं आणि देशभरच्या तलावांत पोहोचलं. 10 जुलैला मत्स्यशेतकरी दिन पाळतात तो त्यामुळंच. नवख्यानं यातून लक्षात घ्यायचं ते इतकंच की तलावात रोहू-कटला किती आहे, हे त्या तलावात गेल्या दोन-तीन वर्षांत किती बीज सोडलं आणि ते किती मोठं असताना सोडलं यावर ठरतं. अगदी बारीक जिरे, म्हणजे माशांची इवलीशी पिल्लं, सोडले तर त्यातले बहुतेक मरळ आणि शिंगाळ्याच्या पोटात जातात. बोटाएवढी वाढवलेली बोटुकली सोडली तर निभाव लागतो. काठावरच्या मामांना म्हणूनच विचारायचं, "बोटुकली कधी सोडली होती?" गेल्याच ऑगस्टात सोडली असेल तर यंदा रोहू पावशेर-अर्ध्या किलोचे मिळतील, ते परत सोडा. दोन वर्षं झाली असतील तर तयारीनं जा.

हे तिघे एकाच पाण्यात तीन मजल्यांवर राहतात. कटला वरच्या थरात. डोकं मोठं, तोंड वर वळलेलं, मिशा नाहीत. पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खातो. रोहू मधल्या थरात, झालरीसारख्या ओठांनी शेवाळ खरवडतो. मृगळ तळाशी, गाळ चाळत. गळ किती खोल सोडायचा, हे या तीन ओळींत आलं.

त्यांच्याबरोबर कधी गवत्या (ग्रास कार्प) आणि चंदेरी (सिल्व्हर कार्प) सोडतात. दोघेही 1959 मध्ये पूर्व आशियातून भारतात आले. गवत्या वनस्पती खातो, त्यामुळं त्याला कोवळं गवत किंवा मक्याचा कोवळा दाणा लावतात. चंदेरी पाण्यातलं बारीक शेवाळ गाळून जगतो. तो संध्याकाळी पाण्याबाहेर उड्या मारून तुम्हाला आशा दाखवेल, पण गळाला क्वचितच लागेल. त्याच्यामागं वेळ घालवू नका.

दुसरं घर बाहेरून येऊन इथलेच झालेल्यांचं. पहिली चिलापी. ही मूळची आफ्रिकेतली, भारतात 1952 मध्ये आली. ती इतकी वेगानं वाढते की काही वर्षांतच तिच्या प्रसाराला आळा घालायची वेळ आली, पण तोवर ती सगळीकडं पोहोचली होती. मादी अंडी तोंडात घेऊन फिरते, पिल्लं निघाल्यावरही धोका वाटला की ती तोंडात घेते, त्यामुळं बाकीच्या माशांच्या अंड्यांसारखी तिची नासाडी होत नाही. अवघ्या काही महिन्यांत पिल्लू अंडी घालायला तयार होतं आणि वर्षातून अनेकदा अंडी पडतात. उन्हाळ्यात पाणी उतरलं की काठच्या उथळ पाण्यात थाळीएवढे गोल खळगे दिसतील, ओळीनं. ती चिलापीच्या नरांनी केलेली घरटी. गर्दी फार झाली की चिलापी खुजी राहते आणि बोटुकलीच्या तोंडचं खाद्य पळवते. संस्थेला ती कमी झालेली हवीच असते. नवख्यासाठी म्हणून चिलापीसारखा मासा नाही: भरपूर आहे, काठाजवळ आहे, बिनधास्त चावतो, आणि कितीही धरला तरी तलावाचं बिघडत नाही.

दुसरा सिप्रनस, म्हणजे कॉमन कार्प. हा साचलेल्या पाण्यातही पाणवनस्पतींना अंडी चिकटवतो, त्यामुळं बीज न सोडताही टिकतो. तळ उकरून खातो. गाळाचे बुडबुडे वर येताना दिसले की खाली बहुधा सिप्रनस आहे.

आणि मूळचे इथले. पंचगंगा नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते, म्हणजे आपले मूळचे मासे कृष्णेच्या खोऱ्यातले. मरळ, शिंगाळा, वाम, गुगळी, कोळीस, खडशी, असे कितीतरी. काही तलावांत टिकून आहेत, काही वरच्या ओढ्यांत आणि धरणांच्या मुखाशी. बंधारे, गाळ, सांडपाणी आणि बाहेरच्या माशांची गर्दी यात त्यांची संख्या घटत गेली. खडशी, म्हणजे आपला महासीर, कधी गळाला लागला तर पाण्याबाहेर फार काळ न ठेवता परत सोडा. लोणावळ्याजवळ टाटांच्या वळवणच्या केंद्रात या माशाचं बीज तयार करून धरणांत सोडण्याचं काम कित्येक वर्षं चाललंय. एवढ्या खटपटीनं जो वाढवावा लागतो, तो आपण तव्यावर टाकावा हे मला पटत नाही.

मरळीबद्दल थोडं सविस्तर, कारण ती प्रत्येकाला हवी असते. ती हवेतला श्वास घेते, त्यामुळं केंदाळानं भरलेल्या, प्राणवायू कमी असलेल्या पाण्यातही राहते. दर थोड्या वेळानं वर येऊन घोट घेते, तेव्हा पाण्यावर एक बुडबुड असा आवाज होतो. पावसाळ्याच्या सुमारास उथळ पाण्यात केशरी-तांबड्या पिल्लांचा थवा एकाच जागी खदखदताना दिसला, की खाली आई-बाप राखणीला असतात. त्या थव्यात गळ टाकला की पालक चवताळून येतात आणि लगेच लागतात. हे अनेकांना ठाऊक आहे आणि अनेक जण करतातही. तुम्ही करू नका. पालक गेला की तो सगळा थवा एका दिवसात बाकीच्या माशांच्या पोटात जातो.

एक वेगळी गोष्ट: हातभर लांबीचा, काळपट, ठिपक्याठिपक्यांचा मांगूर लागला तर तो बहुधा आफ्रिकन. त्याच्या पालनावर देशात 2000 पासून बंदी आहे, कारण तो तलावातलं काहीही खातो. तो जिवंत परत पाण्यात सोडायचा नाही. संस्थेच्या माणसाला दाखवा. तसंच घरातल्या काचेच्या टाकीतले मासे तलावात सोडू नका. उजनीत सकर माशानं मच्छीमारांच्या जाळ्यांची काय गत केलीय ते तिकडच्या माणसांना विचारा.

हे सगळे मासे पुस्तकातून ओळखता येत नाहीत. रविवारी सकाळी शहरातल्या मासळी बाजारात एक फेरी मारा. गोड्या पाण्यातल्या माशांच्या टोपल्यांसमोर उभं राहून मावशींना विचारा, हा कुठला, तो कुठला, कुठल्या धरणाचा. गर्दी उतरल्यावर गेलात तर त्या आनंदानं सांगतात. जाताना अर्धा किलो घेऊन जा म्हणजे झालं.

तिसरी पायरी: सामान

सुरुवातीला दहा-बारा फुटी मेसकाठी किंवा तेवढीच दुमडती फायबरची काठी पुरे. रीळ नको. काठीच्या लांबीएवढाच तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, बांधा. चिलापीसाठी पाव मिलिमीटरपर्यंतचा बारीक तंगूस आणि आठ ते दहा नंबरचा गळ. मृगळ, रोहू, सिप्रनससाठी 0.30 ते 0.35 मिलिमीटरचा तंगूस आणि चार-सहा नंबरचा गळ. गळाचा नंबर जितका मोठा तितका गळ लहान, हे दुकानात लक्षात ठेवा.

तरंगा मोरपिसाच्या देठाचा करा. दुकानातले जाड, भडक तरंगे चिलापीच्या हलक्या टोचणीला दाद देत नाहीत. देठाचा वीतभर तुकडा, खालच्या टोकाला सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचा छोटा तुकडा चढवायचा, त्यातून तंगूस ओवायचा. वर-खाली सरकवून खोली बदलता येते. गळाच्या वर चार-पाच बोटांवर शिशाचा दाणा दाबायचा. शिसं इतकंच, की देठाचं बोटभर टोक पाण्यावर उभं राहील. ते जास्त उभं राहिलं तर मासा ओढताना त्याला जोर लागतो आणि तो आमिष थुंकतो. घरी बादलीत पाणी घेऊन हे जमवून बघा. यात घालवलेला अर्धा तास काठावरचे अनेक तास वाचवतो.

आणखी एक: पकडीनं गळाचा उलटा काटा दाबून सपाट करा. मासा थोडा निसटतो खरा, पण सोडायचा मासा न फाटता सुटतो आणि बोटात गळ घुसला तर दवाखान्यात न जाता निघतो. लांब तोंडाची पकड, हातजाळी, ओलं फडकं, बादली, टोपी, पाण्याची बाटली. झालं सामान.

चौथी पायरी: आमिष

कोल्हापूरकराला आमिषासाठी लांब जायला नको. शेंगपेंड, कणीक आणि काकवी, तिन्ही घरातलं.

शेंगपेंडीचा तुकडा मंद आचेवर खमंग वास सुटेपर्यंत भाजा, खलबत्त्यात कुटा, चाळून घ्या. त्यात तेवढीच कणीक. पाण्याऐवजी काकवी थोडी थोडी घालत मळा. गुऱ्हाळं चालू असतात तेव्हा ताजी मिळते, नसेल तर गुळाचं घट्ट पाणी. चिमूटभर बडीशेपेची पूड. गोळा कानाच्या पाळीएवढा मऊ झाला पाहिजे. तो गळाभोवती हरभऱ्याएवढा बसवून बादलीत सोडून बघा. पाच मिनिटांत विरघळला तर कणीक वाढवा, दहा मिनिटांनीही तसाच राहिला तर तो फार घट्ट झालाय. गळाचं टोक किंचित उघडं ठेवायचं.

हा गोळा रोहू, मृगळ, सिप्रनस तिघांना चालतो. कटल्यासाठी पाण्यात ढग करणारं काही हवं: फुटाण्याच्या डाळ्याचं बारीक पीठ, भाताचा कोंडा, थोडं पाणी, हलक्या हातानं दाबलेला लाडू. तो वरच्या थरात फुटून पीठ पसरतं आणि कटला गाळून खायला येतो. चिलापीला गांडुळाचा बोटाच्या पेराएवढा तुकडा सगळ्यांत उत्तम. शेणखताच्या ढिगाखाली मिळतात. मरळीसाठी रबरी बेडूक मिळतो, केंदाळातून ओढता येतो. जिवंत बेडूक लावू नका.

बसण्याआधी पेंडेचे दोन-चार लाडू एकाच जागी टाका आणि त्याच जागी गळ ठेवा. जास्त चारा टाकला की मासे पोटभर खातात आणि गळाकडं बघत नाहीत, शिवाय उरलेला चारा कुजून पाणी खराब करतो.

पाचवी पायरी: कुठं आणि कधी बसायचं

पावसाळ्यानंतर तलाव तुडुंब असतो आणि मासे पांगलेले असतात. ऑक्टोबरपासून पाणी निवळतं, हळूहळू उतरतं. ऑक्टोबर ते डिसेंबर हा शिकायला उत्तम काळ. कडाक्याच्या थंडीत चिलापी मंदावते, तेव्हा उन्हं चढल्यावर दहा ते तीन बसा. मार्चनंतर उलट: पहाट आणि तिन्हीसांज. मे महिन्यात पाणी तळाला गेलं की मासे एका डबक्यात गोळा होतात आणि भराभर लागतात, पण तेव्हा हात आवरता घ्यावा. पुढच्या वर्षीचे मासे त्याच डबक्यात आहेत. कळंब्याचा तळ दुष्काळी उन्हाळ्यात कसा उघडा पडतो, हे आपण पाहिलेलंच आहे.

जागा निवडताना वारा बघा. वारा ज्या काठाकडं वाहतो, त्या काठाला तरंगतं खाद्य जमतं आणि मागून मासे येतात. ओढा तलावात जिथं मिळतो ते मुख, बुडालेल्या जुन्या बांधाची कड, पाणवनस्पतींची किनार या हमखास जागा. सांडव्याची भिंत टाळा.

पहाटे पाणी फार हिरवं असेल आणि मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करत असतील, तर गळ टाकू नका. रात्रभर शेवाळानं प्राणवायू ओढून घेतलेला असतो, मासे गुदमरत असतात. ढगाळ, वारा पडलेल्या उन्हाळी दिवसांत हे होतं. तसं दिसलं तर संस्थेला लगेच कळवा.

सहावी पायरी: टोचणी ओळखणं आणि मासा काढणं

तरंगा वाचणं हाच खरा खेळ, आणि तो डोळ्यांनीच शिकावा लागतो. चिलापी आधी टिकटिक करते, देठ जागच्या जागी थरथरतो, मग तिरका होऊन बाजूला सरकायला लागतो. सरकायला लागला की मनगट हलवा. थरथरीला ओढलं तर आमिष तेवढं जातं. मृगळ आणि सिप्रनस तळावरून आमिष उचलतात, शिसंही उचललं जातं, आणि देठ बुडण्याऐवजी वर येऊन आडवा पडतो. नवख्याला वाटतं तरंगा सुटला. तीच ओढायची वेळ. रोहू लागला तर देठ सरळ, न थांबता खाली जातो, तिथं चुकायला वाव नाही. कटला अगदी हलकं चोखतो. देठावर जेमतेम शहारा येतो, आणि अनेकदा तो गेल्यावरच कळतं.

ओढताना काठी डोक्यामागं भिरकावू नका. मनगटाचा एक झटका पुरे. मासा मोठा असेल तर काठी उभी धरा, वाकू द्या, त्याला दमू द्या. काठाशी आला की ओढून उचलण्याऐवजी जाळीत घ्या.

मासा हातात घेण्याआधी हात ओले करा. कोरड्या हातानं त्याचा बुळबुळीत थर निघतो आणि सोडलेला मासा नंतर रोगानं मरतो. चिलापीच्या पाठीवरचे काटे डोक्याकडून शेपटीकडं हात फिरवत दाबून घ्यायचे, उलट केलंत तर तळहात फाटेल. शिंगाळ्याला तर उघड्या हातानं धरूच नका. पाठीवरचा आणि दोन्ही बाजूंच्या परांचा काटा दातेरी असतो, लागला तर तासन् तास ठणकतो. फडक्यात धरा, पकडीनं गळ काढा. वामीच्या पाठीवरही बारीक काट्यांची रांग असते. गळ फार आत गेला असेल तर तंगूस तोंडाशी कापून मासा सोडा.

कासव लागलं तर घाबरू नका, पण दगडावर ओढूही नका. आपल्याकडची कासवं कायद्यानं संरक्षित आहेत. गळाजवळ तंगूस कापा आणि सोडून द्या. कापलेला तंगूस मात्र काठावर टाकायचा नाही. पाणकावळे आणि वारकरी पक्षी त्यात पाय अडकून मरतात. गुंडाळून खिशात घाला, घरी कचऱ्यात.

जीव सांभाळून

पोहता येत असलं तरी एकट्यानं जाऊ नये. पाझर तलावाच्या गाळात पाय रुतला की निघत नाही. कोल्हापुरी बंधाऱ्याखाली बसण्याचा मोह नवख्याला होतोच, कारण तिथं मासे जमलेले दिसतात. पण बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) काढले किंवा वरून विसर्ग वाढला की पाणी काही मिनिटांत चढतं. पावसाळ्यात तर तिकडं फिरकूच नका. राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांवर इशारा आणि 43 फुटांवर धोका असं आपण दरवर्षी ऐकतो, पण बंधाऱ्याच्या दगडावर बसलेला माणूस त्याच्या कितीतरी आधी अडकतो. शिरोळकडं कृष्णेच्या आणि तिकडं वारणेच्या काठी मगरी आहेत, तिथं पाण्यात पाय सोडून बसायचं नाही. उसाच्या बांधावरून जाताना घोणसीचं भान ठेवा, पायात बूट हवेत.

खायचं असेल तर

स्वच्छ तलावाची तळहाताएवढी चिलापी खवले काढून, आडव्या चिरा देऊन, मीठ-हळद आणि चिंचेच्या कोळात अर्धा तास ठेवा. गोड्या पाण्यातल्या माशाला जो मातकट वास येतो, तो पाण्यातल्या शेवाळा-जिवाणूंमुळं येतो आणि आंबटानं बराचसा जातो. मग कांदा-लसूण चटणी, तांदळाचं पीठ, आणि तवा. बाकी काही लागत नाही.

पावसाळा

मृगाचे पहिले मोठे पाऊस झाले की ओढ्यांतून, भातखाचरांतून मासे वर चढतात. चढणीचे मासे म्हणतात ते हेच. पोटात गाभोळी असते, ते अंडी घालायलाच निघालेले असतात. हे धरणं ही जुनी रीत आहे, आणि आजोबांच्या काळी चार जणांनी चार टोपल्या धरल्या तर नदीला कळत नव्हतं. आता बंधाऱ्यांनी वाटा अडवल्यात, आणि उरलेल्या वाटेवर गाव जाळी घेऊन उभं असतं. गुगळी, कोळीस यांसारखे मूळचे मासे वर्षातून एकदाच हा प्रवास करतात. जून-जुलैत गळ बांधून ठेवा, एवढंच माझं आग्रहाचं सांगणं. स्फोटकं किंवा विष टाकून मासे मारणं तर 1897 च्या कायद्यापासून गुन्हा आहे. कुठं दिसलं तर पोलिसांना कळवा, स्वतः जाऊन भांडू नका.

पाऊस ओसरला की ऑगस्ट-सप्टेंबरात संस्था बोटुकली सोडते. तारीख विचारून ठेवा आणि मदतीला जा. प्राणवायू भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या टेम्पोतून येतात. त्या लगेच फोडायच्या नसतात. पंधरा-वीस मिनिटं तलावात तशाच तरंगत ठेवायच्या, म्हणजे आतलं आणि बाहेरचं पाणी एका तापमानाला येतं. मग तोंड सोडून थोडं थोडं तलावाचं पाणी आत घ्यायचं आणि पिशवी आडवी करायची. एकाच जागी सगळ्या ओतायच्या नाहीत, काठाकाठानं फिरत सोडायच्या. रोहू, कटला, मृगळ बोटाएवढे असताना कसे दिसतात, हे तिथं हातात घेऊन बघायला मिळतं. जाताना जुनी पॅन्ट घाला आणि बदलायला कपडे घ्या, गुडघाभर चिखलात उभं राहावं लागतं.